न तपासता केलेल्या विंडोज 11 अपग्रेडमुळे हिशेबपट्टी बंद पडल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,
स.न.वि.वि.

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. दुकानातले दोन्ही संगणक सहा वर्षं आपल्याकडेच देखभालीला आहेत. 14 ऑक्टोबर 2025 पासून विंडोज 10 चे सिक्युरिटी अपडेट बंद झाले, आता थांबू नका, असं आपल्याकडून फोनवर सांगण्यात आलं. ते खरंही होतं. म्हणून 3,500 रुपये आगाऊ भरून गेल्या रविवारी गल्ल्यावरचा संगणक विंडोज 11 टाकायला आपल्या इंजिनीयरच्या हवाली केला.

त्याने काय तपासलं? प्रोसेसर आठव्या पिढीचा, टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप आहे, सिक्युअर बूटची सोय आहे, रॅम 4 जीबी म्हणजे विंडोज 11 च्या अटीत काठावर पास. फॉर्मवर बरोबरच्या खुणा केल्या आणि कामाला लागला. या संगणकावर रोज काय चालतं, त्याला काय काय जोडलंय, हे एका शब्दाने विचारलं नाही. दिवाणजी शेजारीच बसून होते.

आमचा पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदाचा प्रोग्राम, विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणाऱ्या फॉक्सप्रोमधला आहे. तो चालावा म्हणूनच आपल्याच माणसाने तेव्हा 32 बिटचं विंडोज 10 टाकून दिलं होतं. आपल्या जॉबकार्डावर त्याची नोंद असणार. विंडोज 11 फक्त 64 बिटमध्ये येतं आणि त्यावर असे जुने 16 बिटचे प्रोग्राम उघडतच नाहीत. शिवाय 32 बिटवरून 64 बिटवर जाताना सरळ अपग्रेड होत नाही, सी ड्राइव्ह पुसून नव्याने टाकावं लागतं. म्हणजे दहा दिवसांत जुन्यावर परत जायची सोयही राहिली नाही. हे आम्हाला नंतर कळलं. आपल्याला आधी ठाऊक असायला हवं होतं.

सोमवारी सौदे झाले, दिवाणजींनी प्रोग्राम उघडला, तर पडद्यावर एकच ओळ: हे अ‍ॅप या पीसीवर चालू शकत नाही. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरही मुका, कारण त्याच्या पॅरलल कार्डाचा ड्रायव्हर 32 बिटचाच. बाहेर टेम्पो उभे, शेतकरी पट्टीसाठी ताटकळत. दिवाणजींनी कार्बन घालून हाताने पट्ट्या लिहिल्या. हमाली, तोलाई, वजन, सगळी बेरीज तोंडी. वयाच्या 68 व्या वर्षी रात्री साडेनऊपर्यंत ते बसले होते, आणि एका पट्टीत चूक निघाली तेव्हा शेतकऱ्यापुढे मान त्यांना खाली घालावी लागली. याचं आम्हाला पैशापेक्षा जास्त वाईट वाटतं.

डेटा डी ड्राइव्हवर होता म्हणून वाचला. विंडोज 10 साठी व्यवसायांना पैसे भरून तीन वर्षांपर्यंत अपडेट मिळतात, पहिल्या वर्षी एका संगणकाला 61 डॉलर. हे सांगितलं असतं तर हंगाम तरी निभावला असता.

आता आमची मागणी अशी. पट्टीच्या प्रोग्रामसाठी 32 बिटचं विंडोज 10 पुन्हा टाकून द्यावं, तो संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवायला आम्ही तयार आहोत. किंवा डॉसबॉक्समध्ये, म्हणजे नव्या विंडोजवर जुने डॉसचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रोग्राम चालवून, प्रिंटरवर तीन प्रतींची पट्टी छापून दाखवावी. भरलेले 3,500 रुपये परत करावेत. दुसऱ्या संगणकावर जीएसटी आणि डिजिटल सहीचं टोकन आहे. त्यावरचा प्रत्येक प्रोग्राम, टोकन आणि प्रिंटर वेगळ्या डिस्कवर चालवून बघितल्याशिवाय त्याला हात लावू नये.

इंजिनीयरला सौदे आटोपल्यावर, चारनंतर पाठवावं. दिवाणजी दुकानात असतील, आधी त्यांच्याशी बोलून घ्यायला सांगावं.

आपला,
अडत दुकानाचा मालक
मार्केट यार्ड, सांगली