विजेत्याच्या बंदुकीचं नाव छापता, तिची मापंही छापा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर अधूनमधून शॉटगन नेमबाजांच्या मुलाखती येतात, याचा मला मनापासून आनंद आहे. रायफल-पिस्तुलाच्या मानानं आमच्या खेळाला जागा तशी बेताचीच मिळते. पण या मुलाखतींत एक प्रश्न ठरलेला असतो : 'तुम्ही कोणती बंदूक वापरता?' उत्तर म्हणून कंपनीचं नाव येतं आणि ते फोटोखाली ठळक छापलं जातं. पुढे त्या नावाचं काय होतं ते मला रोज दिसतं. मी शॉटगनचे दस्ते, म्हणजे खांद्याला टेकवायचा बंदुकीचा मागचा लाकडी भाग, घडवतो, तासतो, ज्याच्या त्याच्या अंगाला बसवून देतो. तुमच्या पानावरचं ते नाव वाचून घेतलेल्या बंदुका अखेर माझ्या टेबलावर येतात. काही महिन्यांनी येतात, आणि सोबत खांदा दुखणारा, स्वतःवरच चिडलेला मुलगा किंवा मुलगी असते.

अलीकडेच आलेल्या एका मुलीचं सांगतो. ट्रॅप मारते, म्हणजे हवेत सुटलेल्या तबकड्या छर्‍यांनी फोडते, मेहनती आहे, मान उंच, खांदे अरुंद. तिचा आदर्श म्हणजे एक धिप्पाड पुरुष नेमबाज. त्याच्याकडे जी बंदूक आहे तीच, त्याच मॉडेलची, तेवढ्याच लांब नळ्यांची तिनं घेतली. दस्ता कारखान्यातून आला तसाच, पंधरा इंचांच्या आसपास. तिनं बंदूक खांद्याला लावली तेव्हा दस्ता खांद्याच्या खळगीत न बसता दंडाकडे सरकत होता. गाल टेकायची वरची कड तिच्यासाठी इतकी खाली होती की गाल टेकवला तर डोळ्यासमोर नुसतं लोखंड यायचं, आणि नळीवरची पट्टी दिसावी म्हणून मान उचलली तर गाल सुटायचा. रेंजवर तिला एकच ऐकायला मिळत होतं : 'डोकं उचलतेस!' तीही बिचारी डोकं न उचलण्याचा सराव करत होती.

ज्यांनी शॉटगन हाताळलेली नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. रायफलीला मागे-पुढे दोन्हीकडे नेम धरायची साधनं असतात. शॉटगनला पुढे फक्त एक मणी असतो, मागचं साधन म्हणजे नेमबाजाचा डोळा. तो डोळा दर वेळी एकाच जागी आणून ठेवायचं काम दस्ता करतो. दस्त्याची लांबी, वरच्या कडेचा उतार, डावीउजवीकडचा बाक आणि खांद्याकडच्या टोकाचा कल यांतलं एक जरी बिनसलं, तरी डोळा भलत्या ठिकाणी जातो आणि छर्रेही डोळ्यामागोमाग तिकडेच जातात.

मी तिला विचारलं, 'पत्र्यावर मारून पाहिलंस का कधी?' पत्रा म्हणजे रंग फासलेली लोखंडी पाटी. सोळा यार्डांवरून तिच्यावर, फार नेम न धरता, बंदूक खांद्याला लावताक्षणी बार काढायचे. छर्‍यांचा मध्य एक इंच सरकलेला दिसला तर दस्त्यात एक सोळांश इंचाचा फरक करायचा. हा हिशेब जुना आहे आणि तो कामी येतो. तिनं पाहिलं नव्हतं. का नाही, तर ती म्हणाली, 'पण या बंदुकीनं तर ते जिंकलेत ना!'

संपादक महोदय, मी हे पत्र लिहायला बसलो ते या एका वाक्यामुळे. आदर्शाची बंदूक घेण्यात पैसे वाया जातात, असं माझं म्हणणं नाही. बंदुका चांगल्याच असतात. पण ज्याला आपण मानतो त्याच्या हातातली वस्तू चुकीची असू शकेल, हा विचारच मनात येत नाही. मग तबकडी चुकली की दोष मानेचा, डोळ्याचा, सरावाचा, नशिबाचा. सगळ्यांवर शंका घेऊन होते, बंदुकीवर कोणी घेत नाही. एखादी अनोळखी, साधी बंदूक असती तर त्या मुलीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं असतं, 'ही मला लांब होतेय का?' दुसऱ्याचा चष्मा लावून अक्षर दिसलं नाही तर कोणी आपल्या डोळ्यांना बोल लावत बसत नाही. बंदुकीच्या बाबतीत मात्र शहाणीसुरती माणसंही नेमकं तेच करतात.

पत्र्यावर तिचे बार एक वर, एक खाली, एक कडेला, असे वाटेल तिथे पडलेले होते. मी दस्ता आखूड केला, वरची कड उचलली, खांद्याकडच्या टोकाचा कल बदलला. त्यानंतर ती भराभर तबकड्या फोडू लागली असं लिहिलं तर छान वाटेल, पण तसं होत नसतं. मानेची लागलेली सवय सुटायला वेळ लागतो. फरक एवढाच पडला, की पत्र्यावरचे बार एका जागी गोळा व्हायला लागले. आता चुकली तर ती कुठे चुकते ते तरी कळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे कोणता प्रकार मारायचा आहे. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये इटलीच्या जेसिका रोस्सीनं ट्रॅपमध्ये १०० पैकी ९९ तबकड्या फोडून सुवर्ण जिंकलं. त्याच ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या किम रोडनं स्कीटचं सुवर्ण जिंकलं, तेही १०० पैकी ९९. आकडा एकच, पण दोघींच्या बंदुकीकडून मागणी किती वेगळी! ट्रॅपची तबकडी नेमबाजापुढे पंधरा मीटरवरून सुटते आणि वर चढत दूर पळते. म्हणून ट्रॅपची बंदूक मुद्दाम थोडा वर मार करणारी ठेवतात, म्हणजे तबकडी नळीच्या वर दिसत राहते आणि झाकली जात नाही. चोकही, म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेला निमुळतेपणा, घट्ट, कारण छर्रे लांबवर एकत्र राहायला हवेत. स्कीटमध्ये तबकड्या दोन बाजूंच्या घरांतून सुटून आडव्या जातात, त्या जवळून मारायच्या असतात आणि तबकडी दिसेपर्यंत बंदूक खांद्याला लावायची नसते. तिथे चोक मोकळा लागतो, आणि दस्ता जाकिटात न अडकता झटकन वर यायला हवा. दोघींच्या बंदुकांवर नाव एकच असो वा वेगळं, एकीची बंदूक दुसरीच्या हातात दिली तर काय होईल याचा विचार करा. आणि ही दोन्ही नावं एका दमात घेऊन 'तशी बंदूक हवी' म्हणणारे माझ्याकडे येतात.

आपल्याकडे राज्यवर्धनसिंह राठोड यांच्या २००४ च्या अथेन्समधल्या रौप्यपदकामुळे कितीतरी जणांना हा खेळ ठाऊक झाला. ते पदक डबल ट्रॅपचं. दोन तबकड्या एकदम सुटणार, दोन नळ्यांचे चोक त्या हिशेबानं. तो प्रकार २०१६ नंतर ऑलिम्पिकमधून गेलासुद्धा. आदर्श कायम राहतो, त्याच्या बंदुकीचं काम मात्र संपलेलं असू शकतं.

खरं तर थोर नेमबाजांच्या बंदुकांचा इतिहास पाहिला तर उलटीच गोष्ट दिसते. एन्नियो मात्तारेल्ली या इटालियन नेमबाजानं १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०० पैकी १९८ तबकड्या फोडून ट्रॅपचं सुवर्ण जिंकलं, पेराझीच्या बंदुकीनं. पेराझी तेव्हा काही जुनं घराणं नव्हतं, १९५७ मध्ये सुरू झालेली कंपनी. पुढे १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकसाठी कारागीर आणि हा नेमबाज यांनी मिळून एमएक्स-८ घडवली, तिच्या नावातच मेक्सिको आणि ६८ आहे. म्हणजे मात्तारेल्लीनं कुणाची बंदूक पाहून ती घेतली नाही. त्यानं आपली अडचण कारागिरापुढे ठेवली आणि कारागिरानं तिच्यावर उत्तर शोधलं. (मेक्सिकोतलं सुवर्ण, जाता जाता सांगतो, बॉब ब्रेथवेट नावाच्या इंग्रज पशुवैद्याला मिळालं. तेही १९८ वरच. सुरुवातीला दोन चुकल्या आणि मग शेवटपर्यंत एकही चुकली नाही.) एमएक्स-८ आजही बनते, आणि उत्तमच आहे. पण ती घेणाऱ्या किती जणांनी आपली अडचण आधी शोधलेली असते?

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर दस्तेवाल्याला दस्त्यापलीकडे काही दिसत नाही असं म्हणाल. मोठे नेमबाज ठरावीक दोन-चार कंपन्यांच्याच बंदुका वापरतात, त्याला कारणं आहेत. सरावात अन् सामन्यांत मिळून वर्षाला हजारो काडतुसं उडतात, ती झेलणारी बंदूक हवी. सुटे भाग मिळायला हवेत. मोठ्या स्पर्धांना कंपन्यांचे कारागीर हजर असतात. एमएक्स-८ सारख्या बंदुकीत चापाची सगळी यंत्रणा हातानं बाहेर काढता येते. सामन्यात स्प्रिंग तुटली तर दुसरी यंत्रणा बसवून पुढच्या तबकडीला उभं राहता येतं. आणि विश्वास ही काही किरकोळ चीज नाही. 'माझी बंदूक उत्तम आहे' एवढं मनात पक्कं असलं तर नेमबाज बंदूक विसरून तबकडीकडे पाहतो. या कारणांसाठी कोणी नामवंत बंदूक घेत असेल तर मी त्याला अडवणार नाही.

फक्त एक हिशेब तुमच्या वार्ताहरांनी मनात ठेवावा. बहुतेक सगळे त्याच दोन-चार कंपन्यांच्या बंदुका घेऊन उतरत असतील, तर सुवर्णही त्यांतल्याच एकीला मिळणार. शेवटून पहिला आलेल्याच्या हातातही तीच असते. त्याची मुलाखत कोणी घेत नाही, एवढाच फरक.

किम रोडचीच गोष्ट घ्या. १९९६ ते २०१६ अशा सलग सहा ऑलिम्पिकमध्ये तिनं पदक मिळवलं, आधी डबल ट्रॅपमध्ये, मग स्कीटमध्ये. २००८ मध्ये तिची बंदूक गाडीतून चोरीला गेली. बरीच वर्षं हातात असलेली, तिच्या अंगवळणी पडलेली बंदूक. चाहत्यांनी तिला नवी घेऊन दिली. जुनी पुढे सापडली. ही हकिकत ऐकून 'कोणती कंपनी?' असं विचारणारे मला पुष्कळ भेटतात. एकच बंदूक तिनं इतकी वर्षं का धरून ठेवली, असं विचारणारा अजून भेटायचा आहे.

आणि ऑलिम्पिकचे विजेते तर लांब राहिले. खरा प्रभाव असतो तो आपल्याच रेंजवरच्या सर्वांत चांगल्या नेमबाजाचा. त्यानं बंदूक बदलली की हंगाम संपायच्या आत आणखी चार जणांची बदलते. त्याची जुनी बंदूक कोणीतरी शिकाऊ मुलगा 'त्यांची आहे' म्हणून उचलतो, दस्ता त्या मोठ्या माणसाच्या मापाला तासलेला असतानाही. त्याहून फसवं म्हणजे मोठ्या मनानं केलेलं 'घे, माझ्यानं मारून बघ'. नवखा ती हातात घेतो, जरा थरारलेला असतो, सगळं लक्ष गोळा करून मारतो आणि ओळीनं पाच-सहा तबकड्या फोडतो. झालं, त्याचं ठरलं! आपल्या बंदुकीनंही इतकंच लक्ष देऊन मारलं असतं तर तितक्याच फुटल्या असत्या, हे त्या घटकेला त्याला कोण सांगणार? मी सांगून पाहिलं आहे. ऐकत नाहीत. तेवढ्यात त्याचा गुरू कंपनी बदलतो (चांगल्या नेमबाजांना कंपन्या बंदुका, काडतुसं देतात, त्यात गैर काही नाही) आणि शिष्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. नवा तोल, नवा दस्ता, मानेला नवी सवय.

तेव्हा माझी विनंती साधी आहे. पुढच्या वेळी नेमबाजाला बंदुकीबद्दल विचाराल तेव्हा आणखी थोडं विचारा. दस्ता कारखान्याचा की बसवून घेतलेला? लांबी किती, आणि नेमबाजाची उंची किती? ही बंदूक किती वर्षं हातात आहे? तिच्यात आजवर काय काय बदललं? कंपनीकडून मिळाली की स्वतः निवडली? आणि शिकताना कोणती होती? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा क्लबची, काकांची किंवा कुणाची तरी मागून आणलेली असं येईल, आणि ते वाचून कितीतरी आईवडिलांचा जीव भांड्यात पडेल.

चौकटीत जागा पुरत नसेल, तर कंपनीचं नाव गाळलं तरी चालेल.

आपला,
एक दस्ता-कारागीर