नितळ पाणी, सॅमन आणि लीडरची ताकद

ॲबर्डीन

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

जुलैत इथे डी नदीवर सॅमन मासे धरायला येताना लीडरसाठी, म्हणजे मुख्य दोरीच्या टोकापासून गळापर्यंतच्या बारीक तुकड्यासाठी, किती पौंडांचा ताण सोसणारी दोरी आणावी, असे तू विचारले आहेस आणि ६ पौंडांपर्यंत खाली उतरण्याची तयारीही दाखवली आहेस. ती मला मान्य नाही. १० किंवा १२ पौंड घे. पाणी फारच उतरले तर ८, त्याखाली मुळीच नको.

पवईच्या गढूळ पाण्यावर कटल्यासाठी बसणाऱ्याला इथली नदी पाहून धास्ती वाटणे साहजिक आहे. केर्नगॉर्म डोंगरांच्या ग्रॅनाइटवरून येणारे हे पाणी कोरड्या उन्हाळ्यात इतके नितळ होते, की कमरेएवढ्या खोलीतले गोटे सुटे सुटे दिसतात. तरीही मासा बिचकतो तो बहुतेक वेळा जाड मुख्य दोरी डोक्यावर आपटल्यामुळे, माणसाच्या सावलीमुळे किंवा पायाखाली गोटे खडखडल्यामुळे. म्हणून लीडर बारीक करण्याआधी तो लांब कर. ९ फुटांऐवजी १२ ते १५ फूट ठेव.

जाडीचा खरा संबंध माशीच्या, म्हणजे गळावर बांधलेल्या नकली आमिषाच्या, आकाराशी आहे. कमी पाण्यात आपण १२ किंवा १४ नंबरची इवलीशी माशी वापरतो. ती १५ पौंडांच्या ताठ दोरीला बांधली, तर प्रवाहात मोकळेपणी हलतच नाही, आणि १० पौंडांवर तीच जिवंत वाटते. फेब्रुवारीतल्या भरल्या, थंड पाण्यात मोठ्या माशीला मात्र १५ ते २० पौंडच हवेत.

लीडरची दोरी फ्लुओरोकार्बनची किंवा नायलॉनची असते. फ्लुओरोकार्बनचा अपवर्तनांक (त्यातून जाताना प्रकाश किती वाकतो याचे माप) सुमारे १.४२, पाण्याचा १.३३ आणि नायलॉनचा दोहोंपेक्षा जास्त. पाण्याच्या अंकाला जवळ असल्यामुळे फ्लुओरोकार्बन त्यात थोडे कमी दिसते हे खरे. पण ते जड असल्याने बुडते, म्हणून माशी पृष्ठभागावर खेळवायची असेल तेव्हा मी नायलॉनच लावतो. गाठ आवळण्याआधी ती थुंकीने ओली कर, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने दोरी तिथेच कमकुवत होते. अधूनमधून लीडर अंगठा आणि तर्जनीतून ओढून पाहा. वाऱ्याने पडलेली बारीकशी गाठ नखाला लागली, तर तो तुकडा बदल, कारण अशी गाठ दोरीची जवळजवळ निम्मी ताकद खाते.

माझ्या आग्रहाचे मुख्य कारण मात्र मासा आहे. डीवर पकडलेले जवळजवळ सगळे सॅमन परत सोडले जातात. कमकुवत लीडरवर मासा जोर लावून आणता येत नाही. झुंज लांबते, तो पार थकतो, आणि पाणी कोमट असेल तर सोडल्यावरही जगेल याची खात्री उरत नाही. समुद्रापर्यंत जाऊन आपल्या नदीत अंडी घालायला परतलेला जीव आपल्या हौसेपायी मरावा, हे मला सहन होत नाही. पाणी २० अंशांकडे जाऊ लागले, तर आपण गळ टाकणारच नाही.

स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमनची मासेमारी कायद्याने बंद असते, म्हणून गुरुवारपर्यंत पोहोच. दोऱ्या माझ्याकडे आहेत; तू फक्त ध्रुवीकृत काचांचा चष्मा आण.

तुझा,
अविनाश