पोट फुगलेली प्रत्येक मांजर गाभण नसते : मिरकरवाड्याच्या भाट्यांसाठी (मांजरींसाठी) मदत हवी आहे

नमस्कार, सलाम सगळ्यांना. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मांजरांना खायला घालणारी आम्ही जी दहाबारा जणं आहोत त्या सगळ्यांच्या वतीने हे लिहितेय. मेसेज लांब झालाय पण प्लीज पूर्ण वाचा, पैशाचं शेवटी आहे, ते नाही जमलं तरी चालेल, मधलं जे लिहिलंय ते तुमच्या घरच्या मांजरीच्या कधीतरी कामाला येईल.

लिलावाच्या शेडमागे बर्फाच्या क्रेटांजवळ एक तिरंगी भाटी बसायची, आम्ही तिला राणी म्हणायचो. फेब्रुवारीत ती माजावर आली, रात्रभर ओरडायची, मागे तीन तीन बोके. मार्चमध्ये पोट दिसायला लागलं तेव्हा सगळ्यांनी म्हटलं गाभण हाय ती, आणि मच्छीवाल्या मावशी तिच्यासाठी बांगड्याची डोकी वेगळी काढून ठेवायला लागल्या. मग ती डोकी तशीच पडून राहायला लागली. पाणी मात्र खूप प्यायची, वितळलेल्या बर्फाचं पाणी साचतं ना तिथे सारखी दिसायची, आम्हाला वाटलं उन्हाळा आहे, गाभण आहे, तहान लागत असेल. चौथ्या दिवशी गोणपाटाखाली आडवी सापडली, कान आणि पंजे गार. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली तर पोटात एक पण पिल्लू नाही, गर्भपिशवीचे दोन्ही फाटे पूने टम्म भरलेले. सलाईन लावलं, अँटिबायोटिक दिलं, जरा सावरली की ऑपरेशन करू म्हणाले, पण तेवढा वेळ तिने दिलाच नाही. रात्रीच गेली.

दोन आठवडे आमच्या डोळ्यासमोर होती ती. रोज बघत होतो आणि रोज गाभण म्हणत होतो. म्हणून हा मेसेज.

या आजाराला पायोमेट्रा म्हणतात. डॉक्टरांनी समजावलं ते असं, की मांजरीचं बीज बाकीच्या बऱ्याच जनावरांसारखं आपोआप सुटत नाही, बहुतेक वेळा बोका लागला की मग सुटतं. बीज सुटलं पण पिल्लं राहिली नाहीत तरी शरीर काही आठवडे गाभण असल्यासारखंच वागतं, गर्भपिशवीचं आतलं अस्तर जाड होतं, तोंड बंद होतं, आणि माजाच्या दिवसात ते तोंड उघडं असताना जे जंतू आत शिरलेले असतात (बहुतेक वेळा ई. कोलाय, आपल्या पोटातले नेहमीचेच) ते आत वाढत बसतात. माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी त्रास सुरू होतो, म्हणजे नेमकं तेव्हाच जेव्हा आपण पिल्लांची वाट बघत असतो.

आता ओळखायचं कसं. गाभण मांजर खाते, जरा जास्तच खाते. साधारण तिसऱ्या आठवड्यात तिचे सड गुलाबी आणि उठलेले दिसतात, पाचव्या आठवड्यापासून पोट खालून गोल होत जातं, आणि नऊ आठवड्यांच्या आसपास म्हणजे ६३ ते ६५ दिवसांनी ती विते. ती अंग चाटते, फिरते, जागा शोधत बसते. पू झालेली मांजर खाणं सोडते, पाणी खूप पिते, कोपऱ्यात अंग आखडून बसते, उलट्या करते, केस विस्कटलेले आणि कळकट दिसतात. शेपटीखाली ओलं दिसेल, पिवळट नाहीतर तांबूस घाण आणि वास, पण यावर भरवसा ठेवू नका कारण मांजर स्वतःला चाटून साफ करते, आणि गर्भपिशवीचं तोंड बंद असेल तर बाहेर काहीच येत नाही, सगळं आतच साठतं आणि तोच प्रकार जास्त वाईट. ताप असेलच असं पण नाही. मांजरीचं नॉर्मल तापमान १०१ ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास असतं, म्हणजे आपल्या हाताला ती गरमच लागायला हवी. गार लागली तर उद्या बघू म्हणू नका.

आणि कृपा करून पोट दाबून पिल्लं मोजायला जाऊ नका. पूने भरलेली पिशवी फुटली तर पू सगळ्या पोटात पसरतो.

इलाज म्हणजे सलाईनने सावरून मग गर्भपिशवी आणि अंडाशय दोन्ही काढून टाकायचं ऑपरेशन. इंजेक्शन देऊन पिशवी रिकामी करायचा उपाय आहे पण तो ज्यांना नंतर पिल्लं हवीच आहेत अशा पाळीव मांजरींसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली, आणि तरी पुढच्या माजाला परत होऊ शकतं. बंदरावरच्या भाटीला ऑपरेशनच बरं. लवकर नेलं तर बहुतेक जगतात हो, हेच तर मनाला लागून राहिलंय.

दुसरं बाळंतपणाचं. मांजर एरवी आपलं आपण सगळं करते, आपण लांब राहावं, आणि सात घरं फिरवते म्हणतात तशी पिल्लं उचलून नेते म्हणून तिच्यामागे जाऊ पण नये. पण जोराच्या कळा येतायत आणि अर्धा तास झाला तरी पिल्लू नाही, किंवा पिल्लू अर्धवट बाहेर येऊन अडकलंय, किंवा एकही पिल्लू आलं नाही आणि हिरवट काळी घाण यायला लागली, तर लगेच डॉक्टर. पिल्लू ओढू नका. एक दोन पिल्लं झाल्यावर ती शांत पडून त्यांना पाजत असेल आणि कळा नसतील तर ते बऱ्याचदा नॉर्मल असतं, कोणी हुसकलं तर ती मध्येच थांबते आणि काही तासांनी परत सुरू करते. फरक कळांचा आहे. विल्यानंतर मागे लाल गोळा बाहेर आलेला दिसला तर ती गर्भपिशवी आहे, स्वच्छ ओलं कापड सलाईनमध्ये भिजवून त्यावर ठेवा आणि निघा, आत ढकलायला बघू नका.

पाजणाऱ्या आईचे सड दगडासारखे कडक, लाल, गरम झाले आणि ती पिल्लांना जवळ येऊ देत नसेल तर सडांना इन्फेक्शन आहे. आणि अंग थरथरतंय, पाय ताठ, धापा टाकतेय तर रक्तातलं कॅल्शियम उतरलंय, हे विल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतं, पिल्लं बाजूला करा आणि पळा, कॅल्शियम डॉक्टर शिरेतून हळूहळू देतात, घरी गोळी कुस्करून घालू नका.

घरच्या औषधांचं एकदाच सांगते आणि हे कोणीही विसरू नका. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल मांजरीला विष आहे, एक गोळी पण जीव घेऊ शकते. डेटॉलने पुसायचं नाही, ती ते चाटते आणि ते पोटात जातं. जखम कोमट मिठाच्या पाण्याने पुसा, बास.

आता जरा नाजूक विषय. बंदरावर काही जण मेडिकलमधून बायकांच्या पाळणा गोळ्या आणून माशातून घालतात, कोणी कोणी मांजरीला माज येऊ नये म्हणून इंजेक्शन पण देऊन आणतात. हे सगळे जण मायेपोटीच करतात, ऑपरेशनचा खर्च परवडत नाही म्हणून करतात, मी कोणाला नावं ठेवत नाहीये. पण त्या हार्मोननेच गर्भपिशवीत पू व्हायची शक्यता वाढते, सड लिंबाएवढे नाहीतर त्याहून मोठे सुजतात, कधी कधी फुटतात. खाला, चाचा, ताई, ज्यांनी ज्यांनी हे केलंय त्यांनी आम्हाला फक्त सांगा कुठली मांजर, कधी दिलं, आम्ही तिला ऑपरेशनच्या नंबरात पुढे घेतो. कोणी रागावणार नाही.

आणि एकदा तरी व्यायला पाहिजे, मगच ऑपरेशन करावं, हे जे सगळीकडे ऐकतो त्याला काही आधार नाही. उलट आहे. मांजरीच्या सडाला गाठ आली तर दहापैकी आठ नऊ वेळा ती कॅन्सरची निघते, आणि सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींना हा कॅन्सर व्हायचा धोका ९१ टक्क्यांनी कमी होतो, दोन वर्षं उलटली की मग तो फायदा राहत नाही. भाटी चार पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, म्हणजे जिला आपण अजून पिल्लू म्हणतोय ती स्वतःच गाभण राहते, असली अरुंद हाडाची पोरं अडतात आणि मरतात. पाजत असताना पण परत गाभण राहू शकते. म्हणून पिल्लं दोन महिन्यांची झाली की आईचा नंबर.

घाई कशाची ते सांगते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी किनाऱ्याला, लिलाव नाही, डोकी नाहीत, आतडी नाहीत, आणि वरून धो धो पाऊस. दरवर्षी याच दोन महिन्यांत बंदरावरची मांजरं हाडं होतात. उन्हाळ्यात दिवस मोठा होतो तसा मांजरींचा माज जोरात असतो, म्हणजे एप्रिल मे मध्ये राहिलेली पिल्लं नेमकी जून जुलैमध्ये जन्मतात, आईच्या पोटात अन्न नाही आणि जागा सगळी ओली. मागच्या पावसात जाळ्यांच्या ढिगात एका आईबरोबर चार पिल्लं सापडली होती, आई भिजून गारठलेली, अंगात दूध नव्हतंच, त्यातलं एक वाचलं. तेव्हा आम्ही ठरवलं होतं पुढच्या वर्षी बंदीच्या आधी जमतील तेवढ्या भाट्यांचं ऑपरेशन करून घ्यायचं, आणि बघता बघता ते पुढचं वर्ष आलंय.

तर आम्हाला काय हवंय. पैसे हवेत, ते आहेच. १०० द्या, ५०० द्या, एका पूर्ण ऑपरेशनचा खर्च उचलता आला तर फारच छान, लग्नाच्या वाढदिवसाला, कोणाच्या आठवणीत, सदका म्हणून, कसंही. आमच्यापैकी कोणाच्या हातात रोख देऊ नका, दवाखान्यात आपल्या मांजरांचं खातं आहे तिथे थेट भरा आणि पावती घ्या. कुठल्या मांजरीवर किती गेले ते बिल आणि तिचा फोटो ग्रुपवर टाकू, दर रविवारी. इमर्जन्सीसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवायची आहे, कारण डॉक्टर गावाला गेलेले असताना रात्री एखादी अडली तर आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावं लागतं, सव्वाशे दीडशे किलोमीटर, आणि गाडीवाल्याला आपण फुकट ये म्हणू शकत नाही.

पण खरं सांगू, पैशापेक्षा जागा अडते. ऑपरेशन झाल्यावर भाटीला चार पाच दिवस तरी कोरड्या बंद जागेत ठेवायला लागतं, टाके ओले झाले, मातीत घासले की सगळी मेहनत वाया. तुमच्याकडे वापरात नसलेलं बाथरूम असेल, जाळी लावलेली बाल्कनी, आंब्याच्या पेट्या ठेवायची खोली (सीझन संपत आलाय, रिकामी होईलच) तर चार दिवसांसाठी द्या. पिंजरा, वाळूचा ट्रे, खाणं, गोळ्या, सगळं आम्ही आणून देतो, तुम्ही फक्त सकाळ संध्याकाळ बघायचं की ती खातेय का, टाक्यातून काही येतंय का, झोपूनच आहे का. हात लावायची गरज नाही. चुकून चावली किंवा ओरबाडलं तर साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजचं इंजेक्शन घ्यायला जायचं, त्याचा खर्च आमचा.

जुने टॉवेल, चादरी, रद्दी पेपर, रिकामे आंब्याचे खोके, हे पण चालेल, आणि रिक्षावाले दादा, सकाळच्या वेळी पिंजरा घेऊन दवाखान्यापर्यंत सोडणारे दोन तीन जण मिळाले तर फार मदत होईल, पिंजऱ्यावर चादर टाकली की मांजर शांत बसते, गाडीत घाण होणार नाही याची जबाबदारी आमची. बंदीच्या दोन महिन्यांत खायला घालायला सुकी मच्छी, तांदूळ, मांजराचं खाणं, जे असेल ते.

ऑपरेशन झालेल्या मांजरीच्या कानाचं टोक थोडंसं कापलेलं असतं. ते भूल असतानाच करतात, तिला दुखत नाही, परत तीच पकडली जाऊ नये म्हणून ती खूण आहे, कोणी मांजराचा कान कापला म्हणून घाबरू नका आणि भांडायला येऊ नका.

आणि ज्यांना यातलं काहीच जमणार नाही त्यांनी एवढंच करा, बंदरावर, राजिवड्याला, तुमच्या गल्लीत, पोट मोठं असलेली पण न खाणारी भाटी दिसली तर फोटो काढा, जागा लिहा आणि ज्यांच्याकडून हा मेसेज तुम्हाला आला त्यांना लगेच पाठवा. रात्र असली तरी पाठवा. आत्ता या घडीला जेटीच्या कोपऱ्यावर डिझेल पंपाच्या बाजूला एक काळी पांढरी भाटी आहे, डावा कान फाटलेला, काल संध्याकाळी तिने मांदेलीला तोंड लावलं नाही आणि आज सकाळपासून कोणाला दिसलेली नाही. कोणाला दिसली तर प्लीज कळवा, पिंजरा तयार आहे.