पेटी बंद, शेडचे पत्रे गेले, आणि आपण तिघं तीन दिशेला : सर्व मंडळ्यांना मदतीचं कळकळीचं आवाहन

सर्व मंडळ्यांमधल्या बंधुभगिनींना, फादर, पाळकसाहेब, पास्टरसाहेब, सिस्टर्स आणि महिला मंडळाच्या सगळ्या मावश्यांना सलाम आणि जय ख्रिस्त.

आपल्या समितीची मयत ठेवायची फ्रीझर पेटी दसऱ्यापासून बंद आहे. बऱ्याच जणांना हे माहीत आहे, ज्यांना नाही त्यांना घरात मयत झाल्यावर फोन केला की कळतं, आणि तो फोन मला उचलावा लागतो. गेल्या तीन महिन्यांत पाच घरांना मी "पेटी नाहीये हो, बर्फ मागवा" असं सांगितलंय. पाचव्या वेळी समोर एक मुलगी होती, वडील गेलेले, भाऊ दुबईहून यायचा होता, ती नुसतं "बरं काका" म्हणाली आणि फोन ठेवला. त्या रात्री मला झोप लागली नाही म्हणून हे लिहायला बसलोय, शाळेचे पेपर तपासायचे पडलेत तरी. लांबलं तर सांभाळून घ्या पण शेवटपर्यंत वाचा.

ही समिती कशी सुरू झाली ते जुन्यांना सांगायला नको पण आता आठवण करून द्यायची वेळ आलीय. मे महिना होता, नाशिकरोडच्या बाजूचं घर, प्रेसमधून रिटायर झालेले आपले काका पहाटे गेले. त्यांच्या घरच्यांनी दोन वर्षांपूर्वी मंडळी बदलली होती. जुन्या मंडळीत रजिस्टरमधून नाव कमी झालेलं, नव्या मंडळीकडे स्वतःची दफनभूमी नाही. सकाळपासून दुपारपर्यंत नुसते फोन आणि फोन. कोणाचं चुकलं ते मी आज उकरत नाही, दोन्हीकडची माणसं आपलीच आहेत. पण तोवर हॉलमध्ये काका बर्फाच्या लाद्यांवर होते, खाली भुसा टाकलेला, त्यातून पाणी झिरपत उंबऱ्यापर्यंत आलं होतं, आणि शेजारच्या केरळच्या नर्सताई गुडघ्यावर बसून टॉवेलने ते टिपत होत्या. टिपायचं, बादलीत पिळायचं, परत टिपायचं. थोड्या वेळाने कॉन्व्हेंटच्या एक सिस्टर आल्या, त्यांनी काही न विचारता दुसरा टॉवेल घेतला. मग पेंटेकॉस्टल मंडळीचे पास्टर आले, पांढरा शर्ट, बाह्या वर केल्या आणि बादली उचलून मोरीत ओतायला लागले. तिघांची उपासना वेगळी, तिघांची भाषा वेगळी, प्रभुभोजनाला एकमेकांकडे जात नाहीत. पण तीन तास ते तिघं त्या बर्फाच्या पाण्याशी झगडत होते आणि बाहेर आम्ही शहाणी माणसं मंडपाखाली कोणाचा हक्क किती यावर बोलत होतो!

संध्याकाळी तिसऱ्याच मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाबांनी स्वतःच्या घराण्यासाठी धरलेली जागा दिली, तेव्हा कुठे माती झाली. परत येताना गेटबाहेरच्या पायऱ्यांवर आम्ही नऊ जण बसलो आणि ठरवलं की निदान मयतीला तरी मंडळी विचारायची नाही. एवढीच आपली घटना आहे. दुसरा नियम आपण आजवर केलेला नाही.

आणि मग देणाऱ्यांनी काय दिलं म्हणून सांगू! पहिले पाचशे रुपये पेठकडून येऊन भाजीबाजारात बसणाऱ्या मावशींनी दिले, मेथीच्या जुड्यांमधून हात पुसून, पावती नको म्हणाल्या. नर्सताईंनी रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशांतून मोठा वाटा उचलला म्हणून पेटी आली, नाहीतर ती कधीच आली नसती. देवळाली कॅम्पच्या तमिळ कुटुंबाने पन्नास खुर्च्या दिल्या त्या अजून चालू आहेत. सातपूर आणि अंबडला कंपनीत असलेल्या पोरांनी दिवाळीच्या बोनसमधून ताडपत्री आणि दोन मोठी पातेली घेऊन दिली. एक पातेलं आजीच्या स्मरणार्थ, दुसऱ्यावर काहीच कोरलेलं नाही कारण देणारा म्हणाला देवाला माहीत आहे. आपले टेम्पोवाले दादा तर आपल्या धर्माचेसुद्धा नाहीत, पण आजपर्यंत पेटी न्यायला फक्त डिझेलचे पैसे घेतलेत, आणि रात्री दोनला फोन केला तरी "निघालो मास्तर" एवढंच बोलतात. ज्या बाबांनी आपली जागा दिली ते मागच्या वर्षी गेले. त्यांच्या मातीला पाच मंडळ्यांची माणसं होती आणि मराठी, मल्याळम, तमिळ, कोंकणी अशी चार भाषांत गाणी झाली. ते मी डोळ्यांनी बघितलंय.

पेटी आपल्यापुरतीच ठेवली नाही हेही सांगायला हवं. सिडकोतल्या कितीतरी हिंदू घरांत ती गेली, दोनदा मुस्लिम घरांत गेली, भाडं कधी घेतलं नाही, कोणी खुशीने दिलं तर पावती फाडली.

आता शरणपूरचं बोलतो, कारण हे मी शाळेतल्या मुलांना सांगतो आणि मोठ्यांनाच माहीत नसतं. शरणपूर रोडने आपण रोज जातो पण नावाकडे बघत नाही, शरण आलेल्यांचं पूर म्हणून शरणपूर. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या प्राइस साहेबांनी ते उभं केलं, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईमार्गे तिथे आणली गेली, शिकली, सुतारकाम लोहारकाम करायला लागली. त्यातलाच एक जेकब वेनराइट. मे १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात वारले तेव्हा जेकब तिथे त्यांच्या माणसांत होता. त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, दफनाची प्रार्थना जेकबने वाचली. मग चुमा, सुसी या त्यांच्या आफ्रिकन सोबत्यांनी आणि बाकीच्यांनी तो देह मीठ लावून, वाळवून, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळून महिनोन् महिने पायी समुद्रापर्यंत नेला. वाटेत लोक मयत पुढे जाऊ देईनात म्हणून कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून नेला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा खांदेकऱ्यांत जेकब होता. गुलाम म्हणून विकलेला पोरगा, शिकला आपल्या नाशकात, आणि खांदा कोणाला दिला तर ना रक्ताच्या, ना रंगाच्या, ना देशाच्या माणसाला. बर्फ नाही, पेटी नाही, टेम्पो नाही. त्याच गावची आपण माणसं आहोत बंधुभगिनींनो.

आणि आपल्यात फूट कशावरून पडली? स्टिकरवरून. मागच्या ईस्टरनंतर एका मंडळीने म्हटलं की आमची वर्गणी जास्त तर पेटीवर आमचं नाव लावा, दुसऱ्यांनी म्हटलं मग आमचंही लावा, तिसऱ्यांनी मीटिंगला येणंच सोडलं. मी कोणाचं नाव घेत नाही आणि घेणारही नाही. पण त्या रागात, पेटी आणि सामान ठेवतो त्या शेडची किल्ली कोणाकडे राहायची हे ठरलं नाही, पावसाळ्याआधी पत्रे बघायचे राहिले, आणि सप्टेंबरच्या पावसात दोन पत्रे उडाले, पाणी सरळ पेटीच्या कॉम्प्रेसरवर. म्हणजे मशीन बिघडलं ते आपल्या भांडणाने बिघडलं, पावसाला बोल लावून उपयोग नाही. पातेल्यांतही पाणी साचलं होतं, मी आणि खजिनदारांनी चिंच लावून घासली.

भांडण होतंच, मंडळी म्हटली की होतंच, त्याची मला लाज नाही वाटत. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतसुद्धा झालं, प्रेषितांची कृत्ये सहावा अध्याय काढून बघा. ग्रीक बोलणाऱ्या लोकांची कुरकुर होती की रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावललं जातं. म्हणजे वादाचं मूळ भाषा आणि ताट, अगदी आपल्यासारखंच. मग सात माणसं निवडली आणि त्यांची नावं वाचा, स्तेफन, फिलिप, निकानोर, तीमोन, सगळी ग्रीक नावं. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हातात वाढप दिलं! मला हे दरवेळी वाचताना भरून येतं. "तुम्ही समजून घ्या" असं सांगून गप्प नाही बसवलं, पळीच हातात दिली. म्हणून मी कमिटीपुढे मांडलंय आणि सगळ्यांनी मान डोलावलीय, की यापुढे खजिनदार सगळ्यात लहान मंडळीचा असेल आणि शेडची किल्ली जे रुसून गेलेत त्यांच्याकडे राहील. पेटीवर कोणाचंच नाव नाही, माझं तर नाहीच नाही.

आपल्या लक्ष्मीबाई टिळक बघा, १८६८ ला इथेच जलालपूरला जन्मल्या, इतक्या कडक सोवळ्याच्या घरात की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत यायची नाही. नवऱ्याने १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा काही वर्षं ताटातूट झाली, परत एकत्र आल्यावरही आधी चूल वेगळी ठेवली. मग हळूहळू मन वळलं, कोणाच्याही हातचं खायला लागल्या, आणि १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्यांना वेळ लागला तसा आपल्यालाही लागेल, मी घाई करत नाही. पण निदान एका मांडवात बसायला काय हरकत आहे? १९७० ला नागपूरला सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालीच ना, अनेक वर्षं बोलणी चालली होती. आपल्याला तेवढं मोठं काही करायचं नाहीये. आपल्याला एक पेटी आणि काही पत्रे सांभाळायचेत.

एक मनात आहे ते बोलून टाकतो. ऑक्टोबरमध्ये मी ग्रुपवर साधा मेसेज टाकला होता. शंभरावर लोकांनी वाचला, कितीतरी जणांनी हात जोडले, "आमेन" लिहिलं, आणि पैसे आले सात घरांतून. त्यातलं एक घर म्हणजे त्या भाजीवाल्या मावशी. मी हिशोब मागत नाही, कोणाची परिस्थिती कशी ते देवाला ठाऊक. पण ज्यांच्या घरी पेटी रात्रभर राहिली, ज्यांच्या पाहुण्यांनी आपल्या खुर्च्यांवर बसून चहा घेतला, त्यांनी एक फोनसुद्धा करू नये याचं वाईट वाटतं. वाटतं म्हणून लिहिलं, राग नाही.

आणि आता दान मागणाऱ्याने सांगू नये ते सांगतो. प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात स्पष्ट सांगितलंय की अर्पण घेऊन वेदीजवळ आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन दे. त्यामुळे स्टिकरच्या वादातल्या कोणाला आधी पैसे द्यायचे असतील तर मी हात जोडून म्हणतो, आधी एक फोन ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याला करा. पैसे दुसऱ्या दिवशी द्या. खजिनदार थांबतील, मी सांगून ठेवलंय.

खर्चाचं असं आहे. नवीन पेटी ८२,००० (दुसरी पेटी हवीच, मागच्या वर्षी एकाच दिवशी दोन मयत झाल्या तेव्हा काय हाल झाले ते माहीत आहे), जुनीचा कॉम्प्रेसर १४,५००, पत्रे, चॅनेल आणि मजुरी धरून ४७,५००, एकूण १,४४,०००, हातात ३१,२००, कमी पडतात १,१२,८००. कुंभमेळ्याच्या कामांमुळे फॅब्रिकेशनवाले मिळत नाहीत, एकाने महिनाअखेरपर्यंतच हा रेट धरून ठेवलाय, अॅडव्हान्स २५ तारखेच्या आत द्यायचाय. रोख, चेक, ऑनलाइन काहीही चालेल, क्यूआर कोड ग्रुपवर वर पिन केलाय, स्क्रीनशॉट खजिनदारांना पाठवा, पावती रविवारी मिळेल. पत्रे, सिमेंट, वेल्डिंगचं काम असं कोणी सामानाने दिलं तरी चालेल, पन्नास रुपये दिले तरी चालतील. १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा असतो, त्यातल्या रविवारी आपापली उपासना आटोपून दुपारी १ वाजता शेडवर या, पत्रे नसले तरी ताडपत्री बांधतोय. जेवण साधं, भात-आमटी, भाजी आणि ज्याला जमेल त्याने घरून एक पदार्थ, वाढायला यावेळी पुरुष. हिशोबाची वही टेबलावर उघडी असेल, ज्याला बघायची त्याने बघावी. मीटिंग अर्धा तास. प्रार्थना प्रत्येक मंडळीतून एक जण करेल, भाषेची अट नाही. ज्येष्ठांना आणायला गाडी लागणार असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा.

तुमचा,
सेक्रेटरी
(समितीच्या वतीने)

ता.क. कोणाकडे आपलं झाकणाचं मोठं पातेलं राहिलंय, नाताळच्या आधी नेलेलं, ते रविवारच्या आत आणून द्या, त्याच्यात भात शिजवायचाय. आणि दुबईचा तो भाऊ पोहोचला होता, मातीला वेळेवर पोहोचला, त्याच्या बहिणीने काल आमच्या घरी येऊन समितीसाठी पाकीट दिलं. वरच्या ३१,२०० मध्ये ते धरलंय.