प्रबंधातला ट्रक थांबतच नाही

संपादक महोदय,

लॉजिस्टिक्समध्ये पीएचडी करणाऱ्यांच्या आराखड्यात हल्ली 'एआय' हटकून असते. ट्रक उभा किती राहतो, हे मात्र नसते. मार्केट यार्डात भाडे बुडते ते उभे राहण्यातच. म्हणून आधी रांगेचे गणित पक्के हवे.

वजनकाटा तासाला सरासरी 10 गाड्या काढतो असे धरा. गाड्या अनियमित येतात आणि वजनाचा वेळही कमीजास्त होतो, असे मानणारे रांगेचे साधे सूत्र (M/M/1) लावा. तासाला 8 गाड्या आल्या तर प्रत्येकीला सरासरी 24 मिनिटे ताटकळावे लागते. 9 आल्या की 54 मिनिटे. साडेनऊ आल्या तर 114! दीडच गाडी वाढली आणि खोळंबा पावणेपाच पट. अर्थात हे सूत्र आवकेची सरासरी दिवसभर सारखी धरते. कांद्याच्या हंगामात लिलावाआधी गाड्यांची एकच झुंबड उडते, तिथे सिम्युलेशनच, म्हणजे संगणकावर रांगेची नक्कलच लागते. तेही एकदा चालवून आकडा छापायचा नसतो. निदान 30 वेळा चालवा आणि सरासरीबरोबर चढउतारही दाखवा.

नोंदी पाच ठिकाणी घ्याव्यात: गेट, भरलेला काटा, उतराईची सुरुवात, रिकामा काटा, बाहेर. गाडी थांबली एवढेच जीपीएस सांगते; हमाल नव्हते, पावती अडली की ड्रायव्हर जेवायला गेला, हे त्याला कुठून कळणार? पडताळ्याला लिटलचा नियम पुरतो: आवारातल्या सरासरी गाड्यांना तासाला बाहेर पडणाऱ्या गाड्यांनी भागले की सरासरी मुक्काम मिळतो. आवारात सरासरी 40 गाड्या आणि तासाला 10 बाहेर, म्हणजे मुक्काम 4 तास. रजिस्टर अडीच तास म्हणत असेल, तर ते बहुधा संध्याकाळी एका बैठकीत भरलेले असते.

मार्गनियोजनात सॉल्व्हर (उत्तम मार्ग शोधणारे सॉफ्टवेअर) कुणीही चालवतो, त्याला पाळायची बंधने लिहिताना चुकतात. चादर-टॉवेलच्या गाठींनी ट्रकचा डाला भरतो, टनेज (वजनाची क्षमता) शिल्लक राहते. कांद्याचे नेमके उलटे. मॉडेलमध्ये वजन आणि घनफळ दोन्ही नसतील, तर निम्म्या फेऱ्या कागदावरच राहतात. ई-वे बिलाची (जीएसटीखालच्या मालवाहतुकीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत 200 किलोमीटरला एक दिवस, आणि ती गाडी उभी असतानाही सरतच असते. हे बंधन प्रबंधांत क्वचितच दिसते.

विद्यापीठाने कोर्सवर्कमध्ये मशीन लर्निंगच्या आधी पंधरा दिवस मार्केट यार्ड आणि एमआयडीसीतल्या गोदामांच्या दारात नोंदी घ्यायला लावाव्यात. त्याही कांद्याच्या हंगामात, डिसेंबर-जानेवारीत. मेच्या सुट्टीत जाऊन मोजलेली रांग मेचीच असणार.

— मालवाहतूक विषयाचे एक अध्यापक, सोलापूर