गणपतीची फोनयादी शेजाऱ्यांसाठीही वापरा

मा. संपादक,
स. न.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी बेड्या घातलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यांत महाराष्ट्रातले तिघे होते. तेव्हापासून आपल्याकडची चर्चा 'बेकायदा गेलेच कशाला' याच्यापुढे फारशी सरकलेली नाही. इथे न्यू जर्सीत रोजचे प्रश्न वेगळे आहेत. स्थानिक पोलीस 'आइस'ला, म्हणजे स्थलांतर कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय खात्याला, किती साथ देतात? आणि दारात गाडी उभी राहिली की शेजारी काय करतात? आपल्या अनेक वाचकांची मुले-सुना एडिसन, जर्सी सिटी भागात आहेत, म्हणून हे पत्र. इथल्या मराठी मंडळांकडे गणपतीच्या कामांसाठी फोनयादी असते; तीच अशा वेळी शेजाऱ्यांच्या मदतीलाही वापरावी, असे सुचवायचे आहे.

आधी कायद्याची बाजू. १९९६ साली आलेल्या २८७(जी) कलमाखाली एखादा शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख) 'आइस'शी करार करून आपल्या पोलिसांना स्थलांतराचे अधिकार मिळवू शकतो. जिथे हा करार गस्तीच्या पोलिसांनाही लागू आहे, तिथे मागचा दिवा बंद म्हणून थांबवलेली गाडी थेट हद्दपारीपर्यंत पोचू शकते. न्यू जर्सीत नोव्हेंबर २०१८मध्ये तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल गुरबीर ग्रेवाल यांनी 'इमिग्रंट ट्रस्ट डायरेक्टिव्ह' काढले. त्यामुळे केवळ स्थलांतराच्या संशयावरून राज्यातले पोलीस कुणाला थांबवू किंवा अटक करू शकत नाहीत. पण हा आदेश बांधतो तो राज्याच्या पोलिसांना, 'आइस'ला नाही. २०२५च्या उन्हाळ्यात एडिसनमधल्या गोदामांवर केंद्रीय अधिकाऱ्यांनी छापे घातले, तेव्हाही तो लागू होताच. कागदावरचे संरक्षण इथे संपते आणि शेजाऱ्यांचे काम इथून सुरू होते.

दारावर थाप पडली की दार उघडू नये. कागद खालच्या फटीतून सरकवायला किंवा खिडकीच्या काचेला लावायला सांगावे. मग दोनच गोष्टी बघाव्यात: वरचे शीर्षक आणि खालची सही. 'डिपार्टमेंट ऑफ होमलँड सिक्युरिटी' असे शीर्षक आणि आय-२०० किंवा आय-२०५ हा क्रमांक असेल, तर त्यावर खात्याच्याच अधिकाऱ्याची सही असते. तेवढ्यावर संमतीशिवाय घरात शिरता येत नाही, हे इथल्या घटनेचे प्रस्थापित तत्त्व आहे. कोर्टाच्या वॉरंटवर कोर्टाचे नाव, न्यायाधीशाची सही आणि नेमका पत्ता असतो. गफलत होते ती बहुधा सभ्यतेपोटी. आपल्याकडे दारात आलेल्याला 'या' म्हणायची सवय असते. दार अर्धे उघडून बाजूला सरकले, की तीच संमती धरली जाते. तरीही कुणी जबरदस्तीने आत आलेच तर अंगाने अडवू नये. 'माझी संमती नाही' एवढे मोठ्याने म्हणावे आणि गप्प राहावे. खोटे बोलू नये, खोटा कागद तर मुळीच दाखवू नये.

मंडळांच्या कार्यक्रमांनाही हेच लागू पडते. महाप्रसादाचा हॉल सगळ्यांना खुला असेल तर तो सार्वजनिक भाग. तिथे अधिकारीही येऊ शकतात. स्वयंपाकघर, सामानाची खोली, मराठी शाळेचे वर्ग यांच्या दारावर 'फक्त स्वयंसेवकांसाठी' अशी पाटी हवी आणि ती पाळलीही जायला हवी. येणारा-जाणारा प्रत्येक जण आत डोकावत असेल तर पाटीला अर्थ राहत नाही. अधिकाऱ्यांशी बोलायला दोघांची नावे आधीच ठरवावीत. बाकीच्यांनी 'परवानगी देण्याचा अधिकार मला नाही' एवढेच सांगावे. शाळा, प्रार्थनास्थळे, दवाखाने इथे कारवाई टाळण्याचे जुने धोरण जानेवारी २०२५मध्ये रद्द झाले आहे. 'देवळात कोण येणार' या भरवशावर राहू नये.

अफवा हा स्वतंत्र धोका आहे. 'ओक ट्री रोडवर (एडिसनमधल्या भारतीय बाजारपेठेत) आइस आलीय' असा मेसेज तपासल्याशिवाय पुढे गेला, तर त्या दिवशी कुणी कामाला जात नाही, कुणाचे डायलिसिस चुकते. म्हणून फोनयादीच्या साखळीत खबर आधी तपासणारे दोघे हवेत. खबर देणाऱ्याने किती जण, काय करताहेत, नेमका चौक कोणता, गणवेशावर काय लिहिले आहे, किती वाजले, गाड्या कोणत्या एवढे कळवावे. फोटोत वेळ आणि जागा दिसावी. पकडलेल्या माणसाचा चेहरा पसरवू नये. शिकागोत २०२५च्या शरद ऋतूत लोकांनी गल्लोगल्ली शिट्ट्या वाटल्या: तुटक शिट्टी म्हणजे गाड्या जवळपास आहेत, लांब शिट्टी म्हणजे कुणाला तरी पकडताहेत. सार्वजनिक जागी पोलिसांचे चित्रीकरण करण्याचा हक्क आमच्या भागातल्या फेडरल अपील कोर्टाने २०१७मध्ये मान्य केला आहे. पण अंतर राखावे, मागे हटायला सांगितले तर हटावे. मिनियापोलिसमध्ये जानेवारी २०२६मध्ये केंद्रीय अधिकाऱ्यांच्या गोळ्यांनी दोन अमेरिकी नागरिकांचा जीव गेला. त्यामुळे हे काम नागरिकांनीच करावे, व्हिसावरच्यांनी फोन सांभाळावेत.

पकडलेला माणूस शोधताना आपली नावेच आडवी येतात. 'आइस'च्या ऑनलाइन शोधात ए-नंबर (स्थलांतर खात्याने त्या माणसाला दिलेला नोंदणी क्रमांक) आणि जन्मदेश घातला की माणूस सापडतो. ए-नंबर आठ अंकी असेल तर आधी शून्य लावावे. तो नसेल तर नावाचे स्पेलिंग तंतोतंत लागते, आणि आपल्या पासपोर्टवर वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मधे असल्याने ते कधी पहिल्या नावात जाते, कधी गळते. सगळ्या जोड्या घालून पाहाव्यात. वकिलाला आपला प्रतिनिधी नेमणाऱ्या जी-२८ फॉर्मवर आधीच सही करून ठेवली असेल तर पहिले काही तास वाचतात. स्थलांतराच्या खटल्यात केंद्र सरकार वकील देत नाही. भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवणेही आपोआप होत नाही. अटकेतल्या माणसाला तसे मागावे लागते.

मुलांच्या कागदांना तर महिनोन्‌महिने लागतात, ते आजच सुरू करावेत. इथे जन्मलेल्या मुलाचा अमेरिकी पासपोर्ट सोळा वर्षांखाली काढताना आई-वडील दोघांची हजेरी लागते, नाहीतर गैरहजर पालकाचा नोटरी केलेला डीएस-३०५३ हा संमतीचा फॉर्म. एक जण कोठडीत गेल्यावर हा कागद मिळवणे किती अवघड होते, ते सांगायला नको. आई-वडिलांबरोबर भारतात परतायची वेळ आली तर मुलाला ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचे कार्ड) किंवा व्हिसाही लागेल. शाळेतून मूल कोणी न्यायचे, औषधे कोण देणार, यासाठी पालकत्वाचे अधिकार तात्पुरते सोपवणारा नोटरी केलेला कागद करून ठेवावा. त्याची मुदत राज्यागणिक बदलते.

मंडळांच्या समित्यांत दोन आक्षेप येतात. एक, करसवलत जाईल. सवलत जाते ती निवडणुकीत उमेदवाराचा प्रचार केल्याने; हक्कांची माहिती देणारा वर्ग घेतल्याने नाही. दुसरा, 'आपण तर कायदेशीर आहोत.' एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त साठ दिवस उरतात, हे आपल्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. शिवाय ज्या गोदामात आपल्या गणपतीचे सामान येते, ज्या हॉटेलातून जेवण येते, तिथे राबणारे हात गुजराती, तेलुगू, स्पॅनिश बोलणाऱ्यांचे आहेत.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व मिळून इथे कायम झालेल्यांची गरज सगळ्यात जास्त लागते ती जामिनाच्या वेळी. न्यायाधीशाने जामीन दिला तर तो किमान १,५०० डॉलर असतो, प्रत्यक्षात अनेकदा कितीतरी जास्त, आणि 'आइस'कडे पूर्ण रक्कम भरावी लागते. भरणाऱ्या व्यक्तीचा इथला दर्जा कायदेशीर असावा लागतो. जामिनावर सुटलेला माणूस सगळ्या तारखांना हजर राहिला तर खटला संपल्यावर पैसे परत मिळतात. प्रत्येक मंडळाने असे पाच ग्रीन कार्डधारक किंवा नागरिक ठरवून त्यांची नावे फोनयादीत सर्वांत वर लिहावीत.

आपले,
काही मराठी वाचक
एडिसन, न्यू जर्सी