भाडेकरार करण्यापूर्वी

सातारा

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद,

नोकरीच्या पहिल्या दिवशी ओळखपत्र गळ्यात घालून काढलेला तुझा फोटो आईने मला दाखवला आणि आम्ही दोघांनीही तो बराच वेळ पाहिला. डोळे भरून चेहरा पाहून झाल्यावर मी तो बोटांनी मोठा केला, तेव्हा ओळखपत्रावरचा कर्मचारी क्रमांक, जन्मतारीख आणि रक्तगट स्पष्ट वाचता आले. तो फोटो तू स्टेटसला ठेवला होतास. रागावण्यासाठी हे लिहीत नाही. येत्या रविवारी पुण्यातल्या खोलीचा भाडेकरार करण्यासाठी तू आणखी बरीच कागदपत्रे अनोळखी माणसांच्या हाती देणार आहेस, आणि त्याआधी तुझ्यापासून लपवलेली एक गोष्ट तुला कळायला हवी.

तू शेवटच्या वर्षाला होतीस तेव्हा छपराच्या कामासाठी कर्ज मागायला मी बँकेत गेलो होतो. अधिकाऱ्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. मी कधी पाय न ठेवलेल्या एका गावातल्या दुकानातून माझ्या पॅनवर हप्त्याने मोबाइल घेतला गेला होता. कर्ज २३,४०० रुपयांचे आणि सात हप्ते थकलेले. तुझी परीक्षा आहे म्हणून तुला सांगू नये, असे मी आईला बजावले, पण खरे कारण लाज हे होते. ज्याने ३१ वर्षे पतसंस्थेत बसून इतरांना थकबाकीच्या नोटिसा पाठवल्या, त्याचेच नाव थकबाकीदारांत लागले होते. त्या लाजेपायी मी तक्रार करायलाही तीन आठवडे घालवले, आणि नोंद पुसली जाण्यास पाच महिने लागले.

मागे वळून पाहताना एक प्रसंग आठवतो. सिमकार्ड घेताना दुकानदाराने आधार आणि पॅन या दोन्हींची एक जादा झेरॉक्स मागितली आणि मी सही करून ती दिली. तीच प्रत पुढे वापरली गेली हे मी सिद्ध करू शकत नाही, परंतु जादा प्रत कशासाठी, हे विचारण्याची मला भीड वाटली, एवढे मात्र खरे. भीड ही भिकेची बहीण, हे तुझी आजी मला लहानपणापासून सांगत आली होती.

म्हणून रविवारी एजंट कागद मागेल तेव्हा प्रत्येक कागदामागचे कारण विचार. घरमालकाला आधारची प्रत द्यायचीच असेल तर मास्क्ड आधार दे. त्यात १२ पैकी पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. प्रतीवर काळ्या शाईने, फोटोच्या कडेवरून आणि छापील मजकुरावरून जाईल अशी तिरपी ओळ लिही: ‘फक्त अमुक पत्त्यावरील भाडेकरारासाठी’, त्याखाली तारीख आणि सही. कोपऱ्यातल्या कोऱ्या जागेत लिहिलेली ओळ झाकून पुन्हा झेरॉक्स काढता येते, म्हणून ती मजकुरावरूनच गेली पाहिजे. ई-आधारची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवू नकोस. तिला पासवर्ड असतो हे खरे, पण तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष यांचाच असतो, आणि तुझे जन्मवर्ष तर तुझ्या गळ्यातच होते.

करार ऑनलाइन नोंदवण्यासाठी एजंट अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येईल. नोंदणी कायद्याने आवश्यकच आहे, त्यामुळे अंगठा देण्यास हरकत नाही. काळजी नंतरची आहे. आधारशी जोडलेल्या खात्यातून गावोगावच्या बँक प्रतिनिधींकडे केवळ ठशावर पैसे काढता येतात, त्याला ओटीपी लागत नाही. नोंदणीकृत दस्तांवरच्या ठशांवरून कृत्रिम ठसे बनवून लोकांची खाती रिकामी केल्याची प्रकरणे काही राज्यांत पोलिसांनी उघडकीस आणली आहेत. एजंट गेल्यावर आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक कर, म्हणजे तुझा ठसा आधारच्या पडताळणीसाठी कुणाला वापरता येणार नाही. पुढे गरज पडली तर ते तात्पुरते उघडता येते.

आपल्या नावावर काय चालले आहे, याकडेही लक्ष असू दे. देशात प्रत्येकाच्या कर्जाच्या आणि परतफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या चार पतमाहिती कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. मी दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवतो, म्हणजे वर्षभर नजर राहते. चुकीच्या नोंदीबद्दलची तक्रार ३० दिवसांत सुटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये ग्राहकाला द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून लागू आहे. तुझ्या नावावर किती सिमकार्डे आहेत, हे संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते.

इतके करूनही काही विपरीत घडले, तर माझ्यासारखी गप्प बसू नकोस. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन कर, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ती गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते, आणि बँकेलाही त्याच वेळी लेखी कळव. दुसऱ्याची ओळख अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क कलमाखाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. त्यात लाज वाटायची ती चोराला. मला तर रात्री कितीही वाजता फोन कर. तुझी चूक काढण्यात मी एक क्षणही घालवणार नाही, हा माझा शब्द आहे.

झेरॉक्सवर लिहायची ओळ एका चिठ्ठीवर माझ्या अक्षरात लिहून या पत्रासोबत ठेवली आहे. तिच्यात फक्त पत्ता भरायचा आहे. रविवारी एजंट गेला आणि लॉक झाले, की आईच्या फोनवर कळव.

तुझे
बाबा